दहापैकी सहा, पण कोणते सहा?

दशांश अपूर्णांकांची छोटी चाचणी होती. दोन संख्या दिलेल्या, त्यातली मोठी कोणती ते सांगायचं, असे दहा प्रश्न. वर्गातल्या एका मुलाला आणि एका मुलीला दहापैकी सहा गुण पडले. ऑनलाइन प्रगती-तक्त्यात दोघांच्या नावापुढे सारखाच पिवळा चौकोन उमटला. पिवळा म्हणजे 'अजून सराव हवा'. तक्त्यावर विसंबून राहिले असते, तर दोघांनाही एकच सरावसंच देऊन मोकळी झाले असते.

त्या दिवशी हाताशी थोडा वेळ होता, म्हणून प्रश्नवार उत्तरं उघडून पाहिली. मुलाची पहिली सहा उत्तरं बरोबर होती आणि शेवटचे चार प्रश्न कोरेच होते. त्याला येत होतं, वेळ पुरला नव्हता. मुलीने मात्र दहाही प्रश्न सोडवले होते. ०.५ आणि ०.३५ यांत तिने ०.३५ मोठं म्हटलं होतं. ०.८ आणि ०.१२५ यांत ०.१२५, ०.४ आणि ०.२७ यांत ०.२७. तिचा एक पक्का नियम होता: दशांश चिन्हानंतरचे आकडे साध्या संख्येसारखे वाचायचे आणि तुलना करायची. पस्तीस पाचाहून मोठे, म्हणून ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठं.

आता तिची बरोबर आलेली सहा उत्तरं बघा. ०.७५ आणि ०.५ यांत मोठं कोणतं? तिच्या चुकीच्या नियमानेही उत्तर ०.७५ च येतं. ०.४२ आणि ०.३९? तिथेही नियम चालून जातो. म्हणजे तिच्या सहा बरोबर उत्तरांपैकी एकही संकल्पना कळली म्हणून बरोबर आलेलं नव्हतं. प्रश्नांच्या जोड्या तशा पडल्या होत्या, इतकंच. प्रश्न निवडताना मी जरा ढिलाई केली असती, तर याच समजुतीवर तिला दहापैकी दहा पडले असते आणि तक्त्यात हिरवा चौकोन आला असता.

मुलांच्या प्रगतीची माहिती आणि त्यांच्या कामाचा ऑनलाइन पोर्टफोलिओ या दोन गोष्टींबद्दल शाळांमध्ये हल्ली बरंच बोललं जातं. पालकांना ॲपवर तक्ते दिसतात, शिक्षकांना डॅशबोर्ड दिसतो. या सगळ्याचा मुलाच्या शिकण्याला उपयोग नेमका कुठे होतो आणि कुठे होत नाही, हे या मुलीच्या दशांशांच्या आधारानेच सांगते.

आकडा कुठे ते सांगतो, काम का ते सांगतं

प्रगतीची माहिती म्हणजे कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, किती वेळा प्रयत्न केला, कोणता घटक राहिला, मागच्या महिन्यापेक्षा काय बदललं याच्या नोंदी. त्या आपल्याला बोट दाखवतात: इथे काहीतरी अडलंय. पण का अडलंय हे त्या क्वचितच सांगतात. त्यासाठी मुलाचं प्रत्यक्ष काम समोर लागतं, आणि ते काम करताना त्याच्या डोक्यात काय चाललं होतं हे त्याच्याच तोंडून ऐकावं लागतं.

पोर्टफोलिओ इथे कामाला येतो. चित्रकार आपली निवडक चित्रं एका मोठ्या फाइलमध्ये घेऊन फिरतात, तिथून हा शब्द शाळेत आला. ऑनलाइन पोर्टफोलिओत मुलाच्या वहीच्या पानाचा फोटो असेल, निबंधाचा कच्चा आणि पक्का खर्डा असेल, प्रयोगाचा छोटा व्हिडिओ असेल, आवाजात सांगितलेलं स्पष्टीकरण असेल. पण या सगळ्याची नुसती रास केली म्हणजे पोर्टफोलिओ झाला असं नाही. ती साठवणूक झाली. मुलाने स्वतः निवडलेलं काम, त्याच कामाचा आधीचा आणि नंतरचा प्रयत्न, आणि दोन्हींत काय बदललं याबद्दल त्याचे स्वतःचे दोन शब्द, इतकं असलं की त्या फाइलींना अर्थ येतो. या कामासाठी वापरलं जाणारं एक मुक्त सॉफ्टवेअर २००६ साली न्यूझीलंडमध्ये सुरू झालं, त्याचं नाव 'महारा'. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ विचार करणं असा आहे. नाव ठेवणाऱ्यांनी मर्म बरोबर पकडलं, असं मला वाटतं.

त्या मुलीला मी ०.५ आणि ०.३५ चा प्रश्न पुन्हा सोडवायला सांगितला, आणि सोडवताना मोठ्याने बोलायला सांगितलं. चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग झालं. त्यात ती म्हणते, "हे पाच आहेत, हे पस्तीस आहेत, म्हणून हे मोठं." या एका वाक्यात मला जे मिळालं ते महिनाभराच्या आलेखातून मिळालं नसतं.

पुढे माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगायलाच हवी, कारण डॅशबोर्ड फसवतो तो नेमका अशा जागी. मी तिला युक्ती दिली: ०.५ पुढे एक शून्य लाव, म्हणजे ०.५० होईल, आता ०.३५ शी तुलना कर. तिने भराभर सगळे प्रश्न बरोबर सोडवले. चौकोन हिरवा झाला. दोन दिवसांनी मी तिला संख्यारेषेवर ०.५, ०.३५ आणि १ दाखवायला सांगितलं, तर तिने ०.३५ थेट १ च्याही पुढे नेऊन ठेवलं. शून्य लावल्यावर ती पन्नास आणि पस्तीस यांची तुलना करत होती. तिचा जुना नियम जागच्या जागी होता. मी फक्त त्या नियमाला बरोबर उत्तर देणारी वाट काढून दिली होती.

मग आम्ही शंभर चौकोनांचा कागद घेतला. पूर्ण कागद म्हणजे १. त्यातला ०.५ भाग रंगव म्हटल्यावर ती थोडा वेळ थांबली, मग निम्मा कागद रंगवला. ०.३५ साठी पस्तीस चौकोन मोजले. दोन्ही कागद शेजारी ठेवून ती बराच वेळ बघत राहिली. त्या कागदांचा फोटो तिने स्वतः पोर्टफोलिओत टाकला आणि खाली लिहिलं: "मी आधी ठिपक्यानंतरचा आकडा साधा आकडा समजत होते. आता कागदाचा केवढा भाग ते बघते."

आकारिक आणि संकलित

शिक्षणशास्त्रात मूल्यमापनाचे दोन प्रकार सांगतात. शिकणं चालू असताना दिशा बदलता यावी म्हणून केलेलं ते आकारिक, आणि शेवटी किती साधलं हे ठरवायला केलेलं ते संकलित. ही विभागणी मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ साली मांडली. लंडनच्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये या विषयावरचे सुमारे २५० लेख आणि अभ्यास एकत्र तपासले. वर्गात रोजच्या रोज मिळणारी माहिती शिक्षकाने आपलं शिकवणं बदलायला वापरली, तर मुलांच्या शिकण्यात चांगली भर पडते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या वाक्यातला 'शिकवणं बदलायला' हा तुकडा महत्त्वाचा आहे. तीच दहा गुणांची चाचणी आकारिकही असू शकते आणि संकलितही. निकाल बघून उद्याच्या तासाला तुम्ही काही वेगळं केलंत तर ती आकारिक. नुसती नोंद करून पुढच्या धड्याकडे वळलात, तर तक्ता कितीही रंगीत असो, शिकण्याच्या दृष्टीने ती नोंद पडूनच राहिली.

आकडा हलतो, मूल तेवढं हलत नाही

पालकांना मी हे दर वर्षी समजावून सांगते. मागच्या आठवड्यात आठ होते, या आठवड्यात पाच कसे, म्हणून घरात वादळ उठतं. जरा हिशेब करून बघू. समजा एखाद्या मुलाची तयारी अशी आहे की त्या घटकावरचे दर दहा प्रश्नांमागे सात त्याला जमतात. ही त्याची खरी पातळी, आणि ती बदलत नाही असं धरू. अशा मुलाला दहा-दहा प्रश्नांच्या अनेक चाचण्या दिल्या, तर संभाव्यतेच्या गणिताने सुमारे ७० टक्के वेळा त्याला ६, ७ किंवा ८ गुण पडतील. उरलेल्या ३० टक्क्यांपैकी जवळपास निम्म्या वेळा ५ किंवा त्याहून कमी, आणि निम्म्या वेळा ९ किंवा १०.

म्हणजे मूल तेच, तयारी तीच, पण दर सहा-सात चाचण्यांमागे एकदा ते 'नापास होता होता वाचलं' असं दिसेल आणि एकदा 'हुशार' दिसेल. प्रश्न चौपट केले, म्हणजे दहाऐवजी चाळीस घेतले, तर टक्क्यांतली ही हेलकाव्याची मर्यादा निम्म्यावर येते. पण लहान मुलांना दर आठवड्याला चाळीस प्रश्नांची चाचणी देणं शहाणपणाचं नाही. त्यापेक्षा एका चाचणीवरून निष्कर्ष काढायचा नाही, तीन-चार चाचण्यांचा कल बघायचा, आणि तो कल मुलाच्या कामाशी ताडून बघायचा. आलेखातली रेघ खाली आली की आधी पोर्टफोलिओ उघडा. कामातही घसरण दिसत असेल तर काळजी करा. दिसत नसेल तर पुढच्या चाचणीपर्यंत धीर धरा.

वर्गाच्या सरासरीचंही तसंच. एका वर्गात सगळी मुलं साठच्या आसपास, दुसऱ्या वर्गात निम्मी नव्वदवर आणि निम्मी तीसवर. दोन्हीकडे सरासरी साठ, पण उद्याचा तास दोन्ही वर्गांत एकाच पद्धतीने घेता येणार नाही.

ॲपमध्ये 'किती मिनिटं अभ्यास केला' असा एक आकडा असतो. त्यावर फार भरवसा ठेवू नका. मूल पडदा उघडा ठेवून खिडकीबाहेर बघत बसलं तरी तो वाढतो.

गुण आणि शेरा एकत्र दिले की

इस्रायलमधल्या संशोधिका रूथ बटलर यांनी १९८८ साली पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना केलेल्या कामावर फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, आणि काहींना गुण व शेरा दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं आणि त्यांची आवडही टिकली. दोन्ही मिळालेल्या मुलांना शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही. गुण दिसले की शेऱ्याकडे लक्ष जात नाही. वही हातात पडताच मुलं शेजाऱ्याला "तुला किती?" विचारतात, तेव्हा हे वर्गात डोळ्यांसमोर घडताना दिसतं.

अभिप्राय दिला म्हणजे फायदाच होतो असंही नाही. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे शेकडो प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी उलट घटलेली आढळली. अभिप्रायाचा रोख कामाकडून सरकून माणसाकडे गेला की तो बाधतो, असं त्यांचं म्हणणं. 'तू हुशार आहेस', 'तू आळशी आहेस' हे दोन्ही शेरे त्यातच मोडतात.

म्हणून पोर्टफोलिओवर शेरा लिहिताना मी एक पथ्य पाळते: वाचल्यावर मुलाला लगेच काहीतरी करता आलं पाहिजे. 'छान', 'आणखी प्रयत्न हवा' यातून करण्यासारखं काही निघत नाही. 'दुसऱ्या परिच्छेदात पावसाचं वर्णन आहे, पण तो कुठे पडतोय ते कळत नाही, एक वाक्य घाल' यातून निघतं. मुलांच्या लिहिण्यालाही तोच नियम. सुरुवातीला सगळी मुलं 'मला हा उपक्रम खूप आवडला' असंच लिहितात, कारण बाईंना ते आवडेल असं त्यांना वाटतं. त्यांना नेमके प्रश्न द्यावे लागतात. कुठे अडलं होतं? काय केल्यावर सुटलं? अजून काय कळलेलं नाही? तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, आणि मूल त्याचं खरं उत्तर तेव्हाच देतं, जेव्हा त्यामुळे गुण कापले जाणार नाहीत याची त्याला खात्री असते.

त्यामुळे पोर्टफोलिओला गुण देऊ नयेत, या मताची मी आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चौथी आणि आठवीच्या मुलांचं लेखन आणि गणित राज्यपातळीवर पोर्टफोलिओतून तपासायचा प्रयत्न केला. रँड या संस्थेने तो अभ्यासला, तेव्हा एकाच कामाला वेगवेगळे तपासनीस वेगवेगळे गुण देत असल्याचं दिसलं. शाळाशाळांची तुलना करण्याइतके ते गुण भरवशाचे नव्हते. मात्र शिक्षकांच्या शिकवण्यात चांगले बदल झाल्याचंही तिथेच नोंदवलं गेलं. साधन एका कामासाठी चांगलं होतं, त्यावर दुसरं काम लादलं गेलं.

माहितीचंही तसंच होतं. २०२० मध्ये महासाथीमुळे इंग्लंडमध्ये शालान्त परीक्षा झाल्या नाहीत. तेव्हा शिक्षकांचे अंदाज आणि शाळेचे आधीच्या वर्षांचे निकाल एका गणिती सूत्रात घालून श्रेणी ठरवल्या गेल्या. १३ ऑगस्टला ए-लेव्हलचे, म्हणजे आपल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेचे, निकाल लागले. शिक्षकांनी सुचवलेल्या श्रेणींपैकी सुमारे ३९ टक्के खाली आणल्या होत्या. मुलं रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सरकारने तो निकाल मागे घेतला. त्या शाळेत आधी शिकून गेलेल्या मुलांच्या गुणांवरून आत्ता बाकावर बसलेल्या मुलाची श्रेणी ठरत होती. प्रगतीची नोंद पुढची पायरी ठरवायला वापरायची असते. तीच मुलाच्या भविष्यावर शिक्का मारायला वापरली की अन्याय होतो, आणि सूत्र जितकं गुंतागुंतीचं तितका तो अन्याय सापडायला अवघड.

हे रोज कसं जमवायचं

चाळीस मुलांचा वर्ग, एका पोर्टफोलिओला तीन मिनिटं, म्हणजे दोन तास. रोज हे कुणालाच शक्य नाही. रोज पाच मुलांचं बघितलं तर पंधरा मिनिटं लागतात आणि आठ शाळेच्या दिवसांत सगळा वर्ग होतो. मी तसंच करते. तक्त्याचा उपयोग मी त्या पाचांत आज कोणाला घ्यायचं ते ठरवायला करते. प्रश्नवार उत्तरांत एकाच प्रकारची चूक पुन्हा पुन्हा दिसली की ते मूल पहिलं. काही दिवस काहीच न टाकलेलं मूल दुसरं. शांत बसणारी मुलं एरवी नजरेतून सुटतात, ती इथे सापडतात.

एका सत्रात एका मुलाचं आठ-दहा कामांपेक्षा जास्त ठेवू नये. जास्त झालं की निवड राहत नाही, आणि कोणतं काम ठेवायचं हे ठरवण्यातच मूल बरंच शिकतं. घरी स्वतंत्र साधन नसलेल्या मुलांसाठी फोटो आणि रेकॉर्डिंगचं काम शाळेच्या वेळेतच, शाळेच्या एकाच टॅबवर आळीपाळीने करून घ्यावं. ते घरावर सोडलं तर ज्याच्या घरी साधन जास्त त्याचा पोर्टफोलिओ देखणा दिसतो, आणि मग आपण मुलाची प्रगती बघत नसून घरची परिस्थिती बघत असतो.

ही माहिती कोणाची?

पोर्टफोलिओत मुलाचा चेहरा असतो, आवाज असतो, चुका असतात. हे सगळं कोणाच्या तरी सर्व्हरवर जातं. अमेरिकेत 'इनब्लूम' नावाचा एक मोठा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. अनेक राज्यांतल्या विद्यार्थ्यांची माहिती एका जागी आणायची, अशी कल्पना होती आणि त्यामागे १० कोटी डॉलरचं पाठबळ होतं. मुलांची माहिती नेमकी कोणाच्या हाती जाणार, या पालकांच्या प्रश्नाचं समाधान होईना. एकेक राज्य बाहेर पडत गेलं आणि २०१४ मध्येच प्रकल्प बंद करावा लागला.

कायदे आता आहेत. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या नियमांत मुलांच्या माहितीला विशेष संरक्षण आहे. भारताच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल बालक धरलं आहे. पण कायदा असला तरी शाळेने आणि पालकांनी काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात: मुलाचं पान वर्गाबाहेर कोणाला दिसतं? कंपनी ही माहिती जाहिरातीसाठी किंवा दुसऱ्या कशासाठी वापरते का? शाळा सोडताना मुलाला आपलं सगळं काम उतरवून घेता येतं का, आणि त्यानंतर तिथून ते खरोखर पुसलं जातं का? उत्तर गोलमोल आलं, तर ते सॉफ्टवेअर कितीही छान दिसो, घेऊ नये. आणि मुलाला न विचारता त्याचं चुकलेलं काम दुसऱ्या पालकांना दाखवू नये. हे कोणत्या कायद्यात लिहिलेलं असो वा नसो.

सत्र संपताना पालकसभा झाली. मी ठरवलं होतं की बोलायचं मुलांनी. ती मुलगी आईवडिलांना घेऊन टॅबसमोर बसली आणि आधी जुनं रेकॉर्डिंग लावलं. "हे पाच आहेत, हे पस्तीस आहेत, म्हणून हे मोठं." वडील पटकन म्हणाले, बरोबर आहे की. तिने काही न बोलता शंभर चौकोनांच्या कागदांचा फोटो उघडून त्यांच्यापुढे सरकवला. आई आधी हसली. वडिलांनी बोटाने चौकोन मोजायला सुरुवात केली.

त्यानंतरचं पान कालच टाकलेलं होतं, ते मीही पाहिलं नव्हतं. त्यावर तिने लिहिलं होतं: "०.५ × ०.४ = ०.२ आलं. गुणाकार केल्यावर संख्या लहान कशी झाली? माझं चुकलंय का?" सोमवारचा तास आम्ही त्या प्रश्नापासून सुरू केला.